'बेवारस' शरीर आणि वैद्यकीय ग्रंथालय

माझा धाकटा भाऊ वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली आणि डॉक्टरकीच्या वर्गात बसलेला तो पहिला. आमचे वडील, म्हणजे आबा, एका जिल्हा रुग्णालयात वर्ग चारचे नोकर होते. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा 'सफाई कामगार' असा होता. प्रत्यक्षात सत्तावीस वर्षे त्यांनी पोस्टमार्टेमच्या खोलीत काम केले. कवटीला करवत त्यांनी लावली, छातीचा पिंजरा त्यांनी उघडला, आतडी त्यांनी बाहेर काढली आणि सगळे आटोपल्यावर दाभण-सुतळीने देह शिवून नातेवाइकांच्या हवाली करण्याजोगाही त्यांनीच केला. डॉक्टर दाराशी नाकाला रुमाल लावून उभे राहत आणि आबा जे सांगतील ते टिपून घेत. अहवालाखाली सही डॉक्टरांची. हा प्रकार त्या एकाच रुग्णालयातला असता तर मी त्याचे नाव घेतले असते. तो तसा नाही, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

घरची ही गोष्ट आरंभीच सांगितली, कारण पुढचे वाचन मी कोठे उभी राहून केले ते वाचकाला ठाऊक असावे. २०१९ पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाला वेगळी जागा मिळाली. डॉक्टर नुसता हुशार नको, माणसाशी माणसासारखा बोलणारा हवा, हा हेतू चांगलाच आहे. त्याला धरून भावाच्या महाविद्यालयातील ग्रंथपालांनी अवांतर वाचनाची एक यादी सूचनाफलकावर लावली होती. तीत मराठी पुस्तक एकही नव्हते. "तुझी बहीण मराठी शिकवते ना, त्यांच्याकडून दहा-बारा नावे आण," असे त्यांनी भावाला सांगितले आणि मला तिथे जाण्याचा योग आला.

वैद्यकीय ग्रंथालय माझ्यासारखीला परके गाव. दोन दिवस मी त्या फडताळांमधून हिंडले. ते ग्रंथ वैद्यकाचे म्हणून वाचण्याची माझी पात्रता नाही. परंतु शीर्षकपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे वाचणे आम्हा समीक्षा शिकवणाऱ्यांचे रोजचेच काम आहे. ऋणनिर्देशात कोण आहे आणि कोण नाही यावरून ग्रंथाचे गोत्र कळते.

शरीररचनाशास्त्राच्या फडताळात मानाची जागा 'ग्रेज अ‍ॅनॅटमी'ची. १८५८ साली लंडनमध्ये निघालेला हा ग्रंथ दीडशेहून अधिक वर्षे आवृत्त्यांमागून आवृत्त्या घेत चालला आहे. मजकूर हेन्री ग्रे याचा, चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर याची. ग्रंथाचे यश मजकुराइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, चित्रांचे आहे असे जाणकार मानतात. तरी ग्रंथाला नाव एकट्या ग्रेचे. शीर्षकपानाची कच्ची छपाई आली तेव्हा कार्टरचे नाव आपल्या नावाच्या बरोबरीने आलेले ग्रेला रुचले नाही आणि ते लहान टाइपात गेले. मानधनाचा हिशेबही बोलका आहे. ग्रेला दर हजार प्रतींमागे दीडशे पौंड आणि कार्टरला एकदाच, सर्व मिळून, दीडशे पौंड. ज्याचा हात चालतो त्याचे नाव लहान होते, हा न्याय तर गोऱ्यांच्या देशात गोऱ्या माणसालाही चुकला नाही!

पण कार्टरची गोष्ट इथे संपत नाही. १८५८ सालीच तो मुंबईला आला. १८४५ साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना शिकवली, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला आणि १८७४ साली त्याने पायाच्या बुरशीच्या रोगावर, ज्याला मदुरा फूट म्हणतात त्यावर, ग्रंथ लिहिला. हा रोग काटा रुतलेल्या, भेगाळलेल्या पायातून शिरतो. म्हणजे तो अनवाणी माणसाचा रोग आहे. आपल्या मुलखात शेतातून, बांधावरून अनवाणी कोण हिंडत होते आणि पायात वहाण घालून वरच्या आळीतून जाण्याची बंदी कोणावर होती, हे वैद्यकाच्या ग्रंथात लिहिलेले नसते. रोगाचे कारण तिथे बुरशी हे असते. ते खरेही आहे. पण ते अर्धेच खरे आहे.

आता ज्यांची चित्रे कार्टरने काढली ती शरीरे कोणाची? रूथ रिचर्डसन या इतिहासलेखिकेने २००८ साली या ग्रंथाच्या जन्मकथेवर पुस्तक लिहिले आणि हा प्रश्न सरळ विचारला. उत्तर असे की ती इस्पितळात आणि अनाथ-गरिबांच्या कोंडवाड्यात, ज्याला तिकडे वर्कहाउस म्हणत, मेलेल्या दरिद्री माणसांची होती. त्याआधी इंग्लंडात फाशी गेलेल्या खुन्यांचे देह चिरफाडीला मिळत. ते पुरेनात तेव्हा थडगी उकरली जाऊ लागली, आणि १८२८ साली एडिंबरोत तर बर्क आणि हेअर या दोघांनी माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्रज्ञाला विकली. त्या बोभाट्यानंतर १८३२ चा कायदा आला आणि ज्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही असा गरिबाचा देह कायदेशीरपणे टेबलावर गेला. जी शिक्षा काल खुन्याची होती ती आज गरिबीची झाली.

आपल्याकडचा १९४९ चा मुंबई अ‍ॅनॅटमी कायदा त्याच वाटेने जातो. ज्या मृतदेहावर कोणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो. कायद्याच्या या भाषेला व्यवहारात आपण एक शब्द वापरतो: 'बेवारस'. मराठीची शिक्षिका म्हणून हा शब्द मला दोन दिवस छळत राहिला. वारस म्हणजे ज्याला मागे राहिलेले काही मिळते तो. ज्याच्यामागे जमीनजुमला आहे, घर आहे, त्याला वारस असतात, नसले तर उगवतात! पाड्यावरून, तांड्यावरून, दुष्काळी तालुक्यातून शहराच्या पुलाखाली आलेल्या माणसाला नातेवाईक नसतात असे नाही. त्यांना बातमी पोचत नाही, आणि पोचली तरी प्रेत गावी न्यायच्या गाडीचे भाडे नसते. म्हणजे 'बेवारस' हे त्या मृताचे वर्णन नसून आपल्या व्यवस्थेने त्याच्यावर मारलेला शेरा आहे.

आबांनी एक प्रसंग मला फार उशिरा सांगितला. कोणा म्हातारीचा देह आला होता. पोलिसांच्या कागदावर 'अनोळखी स्त्री, बेवारस' असे होते. आबांनी तिचा हात धुतला तेव्हा कोपराखाली गोंदण दिसले. तुळस, विंचू आणि त्याखाली अक्षरे. आबांना वाचता येत नाही. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना म्हटले, "साहेब, हिच्या हातावर काय तरी लिवलंय." डॉक्टर म्हणाले, "तुझं काम कर." मग आबांनी औषधे वाटणाऱ्या एका माणसाला हातापाया पडून आत आणले आणि ते वाचून घेतले. नाव होते. गाव नव्हते. त्यामुळे पुढे काही झाले नाही. पण जी बाई अनोळखी म्हणून नोंदली गेली ती आपले नाव कातडीवर घेऊन आली होती आणि ते वाचायची गरज लिहितावाचता येणाऱ्या एकालाही वाटली नव्हती.

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून आता एक शपथ घेववतात. मृतदेह हा आपला पहिला गुरू, त्याचा मान राखू, अशा आशयाची. भावाने ती मला म्हणून दाखवली. शब्द चांगले आहेत. पण ज्या परंपरेत गुरूने शिष्याचा अंगठा मागून घेतला, त्या परंपरेत वाढलेल्यांनी न विचारता घेतलेल्या देहाला गुरू म्हणावे, याचे मला हसू आले आणि रागही आला. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कुटुंबाचा सत्कार होतो, प्रमाणपत्र दिले जाते, भिंतीवर नाव लागते. ते योग्यच आहे. दोन टेबले शेजारी-शेजारी असतात. एका देहाला भिंतीवर नाव, दुसऱ्याला पायाच्या अंगठ्याला बांधलेला क्रमांक.

एका डॉक्टर मित्राशी मी हे बोलले तेव्हा तो म्हणाला, "धमनीला जात नसते. ब्राह्मणाची आणि महाराची धमनी एकाच जागी असते." अगदी मान्य. बाबासाहेबांच्या चळवळीला याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण धमनी सगळ्यांची एक असली तरी टेबलावर येणारा देह सगळ्यांचा नसतो, आणि तो कापणारा हातही सगळ्यांचा नसतो. वैद्यकाच्या इतिहासात १८३६ साली कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्त यांनी केलेल्या शवविच्छेदनाचे मोठे माहात्म्य आहे. वैद्य जातीच्या माणसाने प्रेताला सुरी लावली, केवढी क्रांती! फोर्ट विल्यमवरून तोफा झाडल्या असेही सांगतात. मी त्या माणसाचे धैर्य कमी लेखत नाही. परंतु प्रेताला हात लावणे ही क्रांती कोणासाठी? त्या दिवसापूर्वी शेकडो वर्षे आणि त्यानंतरही ज्यांनी रोज प्रेते उचलली, मेलेली ढोरे ओढली आणि सोलली, ज्यांना हाडाचा सांधा कुठे सुटतो हे सुरीच्या टोकाला कळत होते, त्यांच्यासाठी एकही फटाका वाजला नाही. त्यांनी हात लावला की तो विटाळ, यांनी हात लावला की ते विज्ञान!

यावर कोणी म्हणेल, मग काय, ही सारी पुस्तके जाळायची? नाही. जाळण्यासाठी १९२७ साली महाडला जे पुस्तक निवडले ते फार विचारपूर्वक निवडलेले होते. 'ग्रेज अ‍ॅनॅटमी' त्या जातीचे पुस्तक नाही. माझ्या भावाला ते हवे आहे. पण कलंक लागलेल्या ग्रंथाचे ग्रंथालयाने काय करावे, याचे एक उदाहरण व्हिएन्नाहून घेण्यासारखे आहे.

तेथील शरीरशास्त्राचा प्राध्यापक एडुआर्ड पेर्नकॉफ हा कट्टर नाझी. त्याच्या शरीररचनेच्या चित्रसंग्रहाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. चित्रे इतकी बारीक आणि अचूक, की नसांच्या शस्त्रक्रिया करणारे काही सर्जन अजूनही त्यांचा आधार घेतात. मात्र काही चित्रकारांनी आपल्या सहीत स्वस्तिक आणि एस. एस.ची खूण मिरवली होती. पुढच्या आवृत्त्यांतून त्या खुणा पुसल्या गेल्या. १९९५ साली जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने विचारणा केली, विद्यापीठाला चौकशी करावी लागली आणि १९९८ साली निष्पन्न झाले, की नाझी राजवटीत मृत्युदंड दिलेल्यांचे किमान १३७७ मृतदेह त्या शरीरशास्त्र संस्थेत आले होते. चित्रसंग्रहाची छपाई थांबली. पण ज्या ग्रंथालयांत तो आधीच होता तिथे? व्हिएन्ना विद्यापीठाने एक माहितीपत्रक तयार करून ग्रंथालयांकडे पाठवले: हे पुस्तक उघडण्यापूर्वी वाचकाने जाणावे, की ही शरीरे कोठून आली असण्याची शक्यता आहे. २०१८ साली रब्बी जोसेफ पोलॅक यांनी धर्मदृष्ट्या विचार करून 'व्हिएन्ना प्रोटोकॉल' मांडला. जीव वाचवण्यासाठी ही चित्रे वापरावी लागली तर वापरा, पण ती कशी आली हे रुग्णापासून लपवू नका, असा त्याचा आशय. एक चिठ्ठी, पुस्तकाच्या आतल्या बाजूला. मागणी एवढीच आहे, आणि ती मिळवायला अर्धशतक गेले.

गरिबीने मेलेला आणि फाशी दिलेला यांत फरक आहे, तो मी पुसू इच्छित नाही. पण विचारल्याशिवाय घेतले, हे दोन्हीकडे समान आहे. आपल्या ग्रंथालयांतील एकाही शरीररचनेच्या पुस्तकात तशी चिठ्ठी मला दिसली नाही.

पुस्तकातला मजकूर पुस्तकातच राहतो असेही नाही. न्यायवैद्यकाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत बलात्काराच्या तपासणीत दोन बोटांची चाचणी आणि 'संभोगाची सवय' असा शेरा शिकवला जाई. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. त्या खटल्यातील वैद्यकीय अहवालात हीच दोन बोटे आहेत. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. १९७९ साली चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले तेव्हा देशाला त्याची लाज वाटली. ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून पाहा असा आदेश २०२२ साली दिला. पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद उपटायला एवढा काळ लागला.

उपटला खरा, पण कोणत्या आवृत्तीतून? ज्याच्या बापाची ऐपत आहे तो नवी आवृत्ती विकत घेतो. आमच्या भावाने पहिली दोन वर्षे बुक बँकेच्या पुस्तकांवर काढली. ही योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, सामान्यतः दोघांत एक संच. तिच्याविना आमच्यासारख्यांचे शिक्षण झाले नसते, हे कृतज्ञतेने सांगते. पण त्याच्या वाट्याला आलेले न्यायवैद्यकाचे पुस्तक इतके जुने होते की तो परिच्छेद त्यात जसाच्या तसा होता, आणि कोण्या आधीच्या मुलाने, बहुधा आमच्यातल्याच, त्याखाली परीक्षेसाठी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

सूचनाफलकावरच्या यादीत अतुल गावंडे, पॉल कलानिथी ही नावे होती. वाचनीय पुस्तके आहेत; दोघेही डॉक्टर. तिसरे होते रिबेका स्क्लूट यांचे हेन्रिएटा लॅक्सवरचे, २०१० साली निघालेले पुस्तक. तंबाखूच्या शेतात राबलेली ही काळी स्त्री १९५१ साली बाल्टिमोरला कर्करोगाने वारली. तिला न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, विकल्या गेल्या. कुटुंबाला वीसेक वर्षे पत्ता नव्हता आणि एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ साली. हे पुस्तक यादीत आहे याचा मला आनंदच झाला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले तेही तिथूनच. काळ्यांचे दुःख आम्हाला परके नाही. खटकले ते हे, की आपला विद्यार्थी बाल्टिमोरच्या हेन्रिएटाला नावाने ओळखतो आणि डिसेक्शन हॉलमधल्या टाकीतून देह वर काढणाऱ्या नोकराला 'ए मामा' म्हणतो. दूरची जखम वाचायला सोपी असते.

मी सुचवलेल्या नावांत पहिले बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं'. 'स्त्री' मासिकातून १९८२ साली आले, १९८६ साली ग्रंथरूप झाले. साताऱ्याच्याच मुलखातले, जिथे कार्टर सिव्हिल सर्जन होता. महारवाड्यातील बाळंतपणे, बाळंतिणीच्या पोटातली भूक, कोवळ्या पोरींचे हाल, दगावणारी मुले यांविषयी बेबीताईंनी जे लिहिले ते प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे. पण सुचवताना मला भीतीही वाटली. हे पुस्तक 'केस' म्हणून वाचले जाईल काय? आपली आत्मकथने प्रस्थापित समीक्षेने आधीच एकदा टेबलावर घेतली: अनुभव तुमचा, निष्कर्ष आमचा. वैद्यकाने ती पुन्हा तशीच घेतली तर आमचे शब्दही बेवारसच ठरायचे. म्हणून यादीत मी प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहिली, की हे पुस्तक रुग्णाविषयी नाही, ते लिहिणाऱ्याविषयी आहे. 'बलुतं' घातले. एम्समधील भेदभावाविषयीचा थोरात समितीचा २००७ चा अहवालही घातला. तो साहित्य नव्हे हे मला कळते.

पोस्टमार्टेमच्या खोलीवर मात्र मला मराठीत आपल्यापैकी कोणाचे भरघोस लिहिलेले पुस्तक सुचवता आले नाही. दोष निव्वळ वरच्यांचा नाही. शिकलेले आम्ही ती खोली लपवतो. भावाने वर्गात आबांचा हुद्दा तीन वर्षे सांगितला नव्हता. मीही मुलाखतीत 'वडील आरोग्य खात्यात' एवढेच म्हणाले होते.

यादीबरोबर मी ग्रंथपालांना एक चिठ्ठीचा मसुदाही दिला, शरीररचनेच्या प्रत्येक पुस्तकात चिकटवण्यासाठी. चार ओळी. हे ज्ञान कोणाच्या देहांतून आणि कोणाच्या हातांतून आले, एवढेच त्यात होते. ते सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, "मॅडम, ग्रंथालय समितीपुढे ठेवावे लागेल. आणि खाली एखादे नाव असते तर बरे झाले असते."

घरी येऊन आबांना विचारले. स्वतःचे नाव द्यायला ते तयार झाले नाहीत. "माझ्याबरोबर अजून दोघं होते, त्यांचं काय?" म्हणाले. मग मी त्या गोंदण असलेल्या म्हातारीचे नाव विचारले. आबा बराच वेळ गप्प बसले. ते आता त्यांना आठवत नाही. अक्षरे तीन होती, आणि मधल्या अक्षराला वर काना-मात्रा होती, असे त्यांनी बोटाने चादरीवर काढून दाखवले.